जुनी गाडी, हरवलेली स्मार्ट की आणि गाडीच्या पोटातली यादी

गोव्यात सेकंडहँड गाडी बघायला गेलेला माणूस सगळ्यात आधी गाडीखाली वाकतो. खाऱ्या वाऱ्याने आणि चार महिन्यांच्या पावसाने पत्र्याचं काय केलंय ते त्याला बघायचं असतं. मग टायर, क्लच, एसी, किलोमीटर, विम्याची तारीख. हे सगळं झालं, भाव ठरला, की मालक एक किल्ली हातावर ठेवतो आणि म्हणतो, "दुसरी घरात कुठंतरी आहे, शोधून देतो." आपण मान डोलावतो. ती दुसरी किल्ली बहुतेक वेळा कधीच येत नाही, आणि चार-सहा महिन्यांनी आपल्याजवळची एकुलती एक हरवली की मग धावपळ सुरू होते.

बटण दाबून चालू होणाऱ्या गाडीत या धावपळीचे दोन भाग असतात. नवी किल्ली मिळवणं हा एक. तो खर्चाचा असला तरी सरळ आहे, पैसे मोजले आणि चार दिवस थांबलं की होतो. जुनी किल्ली निकामी करणं हा दुसरा, आणि तो बहुतेकजण विसरतात. सेकंडहँड गाडीत तर जुन्या किल्ल्या एकूण किती आणि कुणाकुणाकडे, याचाच पत्ता नसतो. माझ्या मते नवी किल्ली घेण्याआधी विचारायचा प्रश्न हाच आहे.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या भाड्याच्या गाड्या काही वर्षं पर्यटकांना फिरवून झाल्या की खासगी नोंदणीवर येऊन बाजारात विकायला लागतात. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाड्याही गुपचूप भाड्याने जातात, हे इथे कुणाला सांगायला नको. अशा गाडीची किल्ली कुणा पर्यटकाने बागा किनाऱ्यावर पाण्यात घालवली असेल, धंदा थांबू नये म्हणून मालकाने घाईघाईत दुसरी करून घेतली असेल, आणि पहिली वाळूत कुणाला तरी सापडलीही असेल. विकताना यातलं काही सांगितलं जात नाही. खोटेपणा असतोच असं नाही, मालकाच्याही लक्षात नसतं.

एका डबीत तीन किल्ल्या

खिशात किल्लीची डबी, म्हणजे स्मार्ट की, असताना दाराच्या हँडलवरचं बटण दाबलं, की कुलूप उघडतं. त्या क्षणात बरंच काही घडून जातं. गाडीत दाराजवळ आणि आत ठिकठिकाणी छोटे अँटेना बसवलेले असतात. ते साधारण 125 किलोहर्ट्झच्या लहरींवर हाक देतात. ही हाक मुद्दामच लांब जाऊ दिलेली नसते, एक-दीड मीटरवर ती विरते. किल्ली तेवढ्या टापूत असेल तर जागी होते आणि 433 मेगाहर्ट्झच्या आसपास उत्तर देते. हे उत्तर दर वेळी वेगळं असतं. गाडी एक आकडा पाठवते, किल्ली आपल्याजवळच्या गुप्त कोडाने त्याचं गणित सोडवून परत पाठवते, आणि तेच गणित गाडीनेही सोडवलेलं असतं. दोन्ही उत्तरं जुळली तर कुलूप उघडतं. आत बसून स्टार्टचं बटण दाबलं की हीच प्रश्नोत्तरं पुन्हा होतात, आणि ती जुळल्यावरच इमोबिलायझर, म्हणजे चोरीपासून इंजिन अडवून ठेवणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप, इंजिनला चालू होऊ देतो.

ही एक किल्ली झाली, सेलवर चालणारी. त्याच डबीत दुसरी एक चिप असते, तिला सेल लागतच नाही. ती स्टार्टच्या बटणाला किंवा ठरलेल्या जागी टेकवली, की गाडीच्या कॉइलमधूनच तिला पुरेशी वीज मिळते आणि ती आपली ओळख सांगते. तिसरी म्हणजे डबीच्या कडेला लपवलेली लोखंडी किल्ली. बारीक खटका सरकवला की ती बाहेर निघते आणि ड्रायव्हरच्या दाराच्या कुलपात चालते. कित्येकांना आपल्या डबीत ही आहे हे पाच वर्षं गाडी चालवूनही माहीत नसतं.

आता यादीबद्दल. शाळेच्या हजेरीपटावर जशी नावं असतात, तशी गाडीच्या संगणकात तिने ओळखायच्या किल्ल्यांची नोंद असते. कंपनी आणि मॉडेलप्रमाणे अशा चार, आठ किंवा त्याहून जास्त किल्ल्या नोंदवता येतात. हजेरीपटावर नाव नाही त्याला वर्गात जागा नाही, आणि नाव असलेला कितीही वर्षांनी उगवला तरी त्याला आत घ्यावं लागतं. पहिल्या मालकाच्या मेव्हण्याकडे राहिलेली किल्ली, दुरुस्तीच्या वेळी कुणी जादा करून ठेवलेली किल्ली, वाळूत पडलेली किल्ली: नोंद आहे तोवर या सगळ्या तुमच्या गाडीच्या लेखी तुमच्याइतक्याच हक्काच्या. आरसीवर नाव बदलून घेतलं म्हणून ही यादी बदलत नाही. आरटीओतलं रजिस्टर वेगळं, गाडीतलं वेगळं.

हरवली, की नुसती झोपली?

डॅशबोर्डवर किल्ली सापडत नसल्याचा संदेश आला, की काही लोक थेट टोचन करून गाडी शोरूमला नेतात. आधी सेल बघा. बहुतेक किल्ल्यांत सीआर2032 हा तीन व्होल्टचा चपटा बटण सेल असतो, काहींत सीआर2025 किंवा सीआर2450. घड्याळवाल्याकडे मिळतो, पन्नास-शंभर रुपयांचं काम. रस्त्यात अडकलात तर लोखंडी किल्लीने दार उघडा. असं उघडल्यावर काही गाड्या भोंगा वाजवतात, घाबरू नका. मग डबी स्टार्टच्या बटणाला टेकवून ब्रेक दाबा आणि चालू करा. काही मॉडेलमध्ये डबीनेच बटण दाबायचं असतं, तर काहींत स्टीअरिंगच्या खांबावर किंवा कप ठेवायच्या जागेत खूण केलेली असते. गाडीबरोबरच्या पुस्तिकेत ती जागा दिलेली असते. सेकंडहँड गाडीची पुस्तिका गहाळ असेल तर बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळते.

किल्ली आणि मोबाइल एकाच खिशात चिकटून असले तरी गाडीला किल्ली दिसेनाशी होऊ शकते. चार्जिंगला लावलेल्या फोनजवळ ठेवली तर ही शक्यता आणखी वाढते. दोन्ही वेगळे करून एकदा बघावं.

आणि समुद्र. कळंगुटला काय, कोलव्याला काय, हाफ पँटच्या खिशात किल्ली विसरून पाण्यात उतरणारे रोज असतात. अशी किल्ली बाहेर काढल्यावर चालते की नाही बघायला बटणं दाबू नयेत. डबी उघडून सेल लगेच काढायचा, आतली पट्टी गोड्या पाण्याने धुवायची, कारण तांब्याला पाण्यापेक्षा मीठ जास्त खातं. मग पूर्ण सुकू द्यायची. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं, त्याने पुसून घेतली तर उत्तम. तांदळाच्या डब्यात ठेवायचा उपाय मीठ काढत नाही. एवढं करूनही बटणं मेली, तरी ती बिनसेलची चिप बऱ्याचदा जिवंत राहते, आणि एक जिवंत चिप हातात असणं आणि काहीच नसणं यात खर्चाचा मोठा फरक पडतो. तो पुढे येईलच.

चोरी असेल तर पहिले तास

किल्ली मांडवीत पडली आणि किल्ली पर्ससकट गेली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत ती कुणाच्या हाती लागली तरी गाडी कुठली हे त्याला कळत नाही. दुसरीत पर्समध्ये लायसन्स असतं, त्यावर पत्ता असतो. समुद्रकिनाऱ्यावर किंवा बोडगेश्वराच्या जत्रेत किल्ली मारली गेली असेल, तर चोराला पत्त्याचीही गरज नाही. पार्किंगमधून चालत बटण दाबत गेलं की गाडी स्वतःच इंडिकेटर मिचकावून "मी इथं" सांगते.

म्हणून चोरीचा संशय आला, की तक्रारीच्या आधी गाडीजवळ माणूस उभा करा. घरी दुसरी किल्ली असेल तर ती मागवून गाडी हलवा. नसेल तर ओळखीच्या कुणाची गाडी पुढे-मागे अगदी चिकटवून लावा, म्हणजे कुणी चालू केली तरी ती जागची निघणार नाही. स्टीअरिंगला लावायचा लोखंडी दांडा किंवा चाकाचं कुलूप मिळालं तर अधिक बरं. गाडी उघडी असेल तर बॉनेट उचलून 12 व्होल्टच्या बॅटरीची वजा तार सोडवून ठेवता येते. त्याने अट्टल चोर अडत नाही, पण हातात आयती किल्ली आलेला हौशी चोर अडतो.

मग 112 किंवा जवळचं पोलीस ठाणं. हरवल्याची नोंद आणि चोरीची फिर्याद यात पोलीस फरक करतात, आणि पुढे विमा कंपनीही करते. चोरी झाली असेल तर "हरवली असं लिहा, लवकर होईल" हा सल्ला ऐकू नका. 1 जुलै 2024 पासून चोरीचं कलम भारतीय न्याय संहितेचं 303 आहे. एफआयआर नोंदवली गेली तर तिची प्रत फिर्याद देणाऱ्याला विनामूल्य मिळते. तक्रारीत गाडीचा नंबर, चेसिस नंबर आणि किती किल्ल्या गेल्या हे स्पष्ट लिहून घ्या. उद्या हीच गाडी कुठल्या भानगडीत सापडली, तर किल्ली तुमच्या ताब्यात नव्हती हे दाखवायला तो एक कागद असतो.

गाडी तुमची, पण कागदावर कुणाची?

शोरूमला गेलात की ते किल्लीच्या आधी कागद मागतात, आणि मागायलाच हवेत. चेसिस नंबर सांगणाऱ्या कुणालाही किल्ली मिळू लागली तर कुलपाला अर्थ काय राहिला? आरसी, त्यावर नाव असलेल्या माणसाचं ओळखपत्र, विमा आणि बहुतेक ठिकाणी पोलिसांकडचा कागद. इथे सेकंडहँडवाले अडकतात, कारण गाडी दारात उभी असते आणि आरसीवर नाव अजून डिचोलीच्या कुणा जुन्या मालकाचं असतं.

मोटार वाहन कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत हस्तांतर कळवायचं असतं, घेणाऱ्याने 30 दिवसांत. फॉर्म 29 आणि 30 त्यासाठीच. सावंतवाडी किंवा बेळगावकडून आणलेली एमएच, केए पाटीची गाडी असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28 लागतो. "आज करू, उद्या करू" करत राहिलेल्यांना किल्ली हरवल्यावर जुन्या मालकाच्या मागे संमतिपत्रासाठी फिरावं लागतं. तो एव्हाना मस्कतला गेलेला असतो.

विम्याचंही तसंच. गाडी विकली की थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आपोआप जातो असं कायदा मानतो, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग जात नाही. तो नावावर करून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी 14 दिवसांत अर्ज करायचा असतो. किल्लीचा खर्च देणारं एक जादा कलम विम्यात मिळतं, सर्वसमावेशक पॉलिसीवर थोडे पैसे भरून. बऱ्याच कंपन्या त्यात नुसती किल्लीच नाही तर चोरी झाल्यास कुलपांचा सेट बदलण्याचाही खर्च देतात, मात्र वर्षाला किती वेळा आणि किती रुपयांपर्यंत याची मर्यादा असते. पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर राहिली असेल तर हे कलम कागदावरच राहील. आणि काम आधी करून बिल नंतर पाठवण्याऐवजी आधी कंपनीला कळवा. कंपनीकडून पाहणी करायला येणाऱ्या सर्व्हेअरला न विचारता केलेल्या खर्चावर वाद घालायला त्यांना आयतं निमित्त मिळतं.

एक किल्ली हातात असणं आणि एकही नसणं

एक चालू किल्ली हातात असेल तर गाडी उघडते, इग्निशन चालू होतं आणि यंत्र जोडून दुसरी नोंदवता येते. शोरूममध्ये तासाभराचं काम, नवी डबी मागवायला लागणारे दिवस वेगळे.

एकही नसेल, तर सगळंच अवघड. गाडी शोरूमपर्यंत नेणं हाच पहिला प्रश्न. स्टीअरिंग कुलूपबंद, ऑटोमॅटिक असेल तर गिअर पार्किंगमध्ये अडकलेला. दोरीने टोचन करू नका, सपाट पाटाच्या ट्रकवर चढवूनच न्यावी लागते. विम्यात रोडसाइड असिस्टन्स असेल तर तो इथे वापरा. मग चेसिस नंबरावरून कंपनीकडून लोखंडी किल्लीचा कोड आणि इमोबिलायझरचा पिन मागवायचा. काही गाड्यांत ही कुलपं उघडताना संगणक मुद्दामच दहा-पंधरा मिनिटं ताटकळत ठेवतो, घाईतल्या चोराला वैताग यावा म्हणून. चुकीचा पिन दोन-तीनदा टाकला तर तो आणखी वेळ दार लावून बसतो. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या नव्या गाड्यांत नोंद कंपनीच्या सर्व्हरशी ऑनलाइन जोडूनच होते. मर्सिडीज, बीएमडब्ल्यूच्या किल्ल्या चेसिस नंबराप्रमाणे कंपनीकडून तयार होऊन येतात, तेव्हा आठवडे धरून चाला. खर्च छोट्या गाडीला काही हजारांपासून सुरू होतो आणि या मोठ्या गाड्यांना पाच आकड्यांत आरामात जातो. म्हणूनच एकुलत्या एका किल्लीवर सेकंडहँड गाडी चालवत राहणं हे महागातलं काम आहे, हरवायच्या आधी दुसरी करून घेणं कितीतरी स्वस्त.

शोरूम की चावीवाला? म्हापशाच्या बाजारात पूर्वी पत्र्याच्या पेटीवर कानस घेऊन बसणारे चावीवाले होते, आहेतही. पण आता त्याच धंद्यातली पुढची पिढी ऑटेल, लाँच, एक्सहॉर्स अशा कंपन्यांची यंत्रं घेऊन बसली आहे आणि बऱ्याच लोकप्रिय गाड्यांचं काम ती शोरूमपेक्षा स्वस्तात आणि तुमच्या दारात येऊन करते. त्यांना सरसकट नावं ठेवायचं कारण नाही. वॉरंटी संपलेल्या सर्वसाधारण गाडीला मी चांगल्या माहितीतल्या चावीवाल्याकडे जायला कचरणार नाही. वॉरंटीतली गाडी किंवा वर सांगितलेल्या युरोपीय गाड्या मात्र शोरूमलाच. आणि रस्त्यात गाठ पडलेला, बिल न देणारा, आरसी बघायलाही न मागणारा माणूस असेल तर नको. जो तुमची आरसी मागत नाही, तो उद्या दुसऱ्या कुणाचीही मागणार नाही.

प्रत्यक्षात काम कसं होतं ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे. पर्वरीतल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी गेल्या पावसाळ्यात एक सेकंडहँड हॅचबॅक घेतली, किल्ली एकच मिळाली. दुसरी करायला त्यांनी चावीवाल्याला घरी बोलावलं. तरुण पोरगा. त्याने आधी गाडीच्या बॅटरीला चार्जर लावला, कारण नोंदणी चालू असताना व्होल्टेज पडलं तर संगणकच अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत अडकू शकतो. मग स्टीअरिंगखाली गुडघ्यापाशी असलेल्या ओबीडीच्या खोबणीत, म्हणजे गाडीच्या संगणकाला बाहेरचं यंत्र जोडायच्या जागी, तार बसवली आणि यंत्रावर गाडीचं मॉडेल निवडलं. स्क्रीनवर नोंदलेल्या किल्ल्यांचा आकडा आला.

"काका, यात तीन चाव्या आहेत. तुमच्याकडे किती?"

"एकच."

"मग ही एक ठेवून बाकीच्या काढू?"

काका क्षणभर त्याच्याकडे बघतच राहिले. किल्ली वाढवण्याचा खर्च त्यांनी धरला होता, काढायच्याही असतात हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. पोराने सगळ्या नोंदी पुसल्या, आहे ती किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवली, एक बीप. मग नवी टेकवली, आणखी एक बीप. यंत्रावर आकडा आला: दोन. त्यानंतर त्याने दोन्ही किल्ल्यांनी आळीपाळीने दार, डिकी आणि इंजिन चालवून दाखवलं, आणि एक किल्ली बाहेर अंगणात ठेवून दुसरीने गाडी चालू करायला लावली. हा शेवटचा भाग महत्त्वाचा. दोन्ही किल्ल्या आत असतील तर नेमकी कुठली चालली ते कळत नाही.

बऱ्याच गाड्यांत ही पद्धत अशीच आहे: नव्याने नोंद करताना ज्या किल्ल्या समोर नाहीत त्या गळतात. पण सगळ्यांत नाही. काहींत नवी किल्ली नुसती यादीत जोडली जाते आणि जुन्या तशाच राहतात. म्हणून "दुसरी किल्ली करून द्या" एवढंच सांगू नका. "आधीच्या सगळ्या काढा, माझ्या हातात आहेत तेवढ्याच ठेवा, आणि शेवटचा आकडा मला दाखवा" असं सांगा. हा आकडा पाहणं चावीवाल्यावर लक्ष ठेवायलाही कामी येतं. तुम्ही दोन मागितल्या आणि आकडा तीन दिसला, तर तिसरी कुणासाठी, हे तिथल्या तिथे विचारता येतं.

ऑनलाइन बाजारात जुन्या गाडीची निघालेली स्मार्ट की स्वस्तात मिळते, ती घेऊन कोड करून घेऊ, असा विचार बरेचजण करतात. बहुतेक स्मार्ट की एकदा एका गाडीशी नोंदली की त्याच गाडीची होऊन बसते, तिच्यात पुन्हा लिहिता येत नाही. काही मॉडेलच्या किल्ल्या पुसून कोऱ्या करून देणारे कारागीर आहेत, पण ते जमेल की नाही हे डबी उघडल्याशिवाय कळत नाही आणि तोवर तुमचे पैसे गेलेले असतात. दिसायला सारखी, बटणं सारखी, आणि तरी गाडीला अनोळखी, असंही होतं, कारण एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत चिप वेगळी असू शकते. डबीच्या मागचा पार्ट नंबर जुळवल्याशिवाय कोरी डबीही विकत घेऊ नये.

जे पुसता येत नाही

यादीतून नाव काढलं की चोरलेली किल्ली गाडी चालू करू शकत नाही. पण तिच्या पोटातली लोखंडी किल्ली? तिला यादीशी देणंघेणं नाही. ती ड्रायव्हरचं दार उघडतच राहते. भोंगा वाजेल कदाचित, पण तोवर आतली पर्स, लॅपटॉप किंवा स्टीअरिंगखालची ती ओबीडीची खोबणी हाताशी आलेली असते. किल्ली समुद्रात गेली असेल तर कुलूप बदलण्यात पैसे घालवू नका. चोरीला गेली असेल आणि चोराला पत्ता माहीत असण्याची शक्यता असेल, तर ड्रायव्हरच्या दाराचा कुलूपसेट बदलून घ्या. किल्लीचं विम्याचं कलम नेमकं इथेच उपयोगी पडतं.

लोखंडी किल्लीचा नंबर कोरलेला छोटा बिल्ला नव्या गाडीबरोबर मिळतो, तो मालकाकडून मागून घ्या. त्या नंबरावरून हुबेहूब किल्ली कापता येते, म्हणून त्याचा फोटो कुणाला पाठवू नका. नव्या गाडीच्या आनंदात किल्ली हातात धरून काढलेल्या फोटोतही लोखंडी किल्लीचे दाते स्पष्ट दिसू शकतात.

किल्ली न हरवताही गाडी जाऊ शकते, हे झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 साली दाखवलं होतं. आठ कंपन्यांच्या दहा गाड्या त्यांनी किल्लीचा संदेश लांबवर पोचवून उघडून आणि चालू करून दाखवल्या. एक माणूस किल्लीजवळ, एक गाडीजवळ, मध्ये रेडिओ. मालकाची किल्ली घरातच राहते. नव्या काही किल्ल्या बराच वेळ हलल्या नाहीत की झोपी जातात, तो यावरचा एक उपाय. घरी रात्री किल्ली झाकण घट्ट बसणाऱ्या पत्र्याच्या डब्यात ठेवणं हा दुसरा, बिस्किटाचा रिकामा डबा बऱ्याचदा पुरतो. ठेवून झाल्यावर डबा घेऊन गाडीजवळ जा आणि दार उघडतं का बघा, म्हणजे कळेल.

मोबाइलमधली किल्ली

आणखी एक किल्ली असते, ती कुणी हातावर ठेवतच नाही. ह्युंदाईने 2019 मध्ये व्हेन्यूबरोबर ब्लूलिंक आणलं, तेव्हापासून मधल्या किमतीच्या गाड्यांतही अॅपवरून गाडी उघडणं, काही मॉडेलमध्ये चालूही करणं आणि ती कुठे उभी आहे ते बघणं सर्रास झालं. किया, एमजी, टाटा, महिंद्रा, मारुती, सगळ्यांची अशी अॅप आहेत. गाडी विकली तरी जुन्या मालकाच्या फोनवरचं अॅप आपोआप बंद पडत नाही. किल्ल्यांच्या यादीचं शुद्धीकरण केलं आणि हे अॅप राहिलं, तर एक दार उघडंच राहिलं. गाडी घेतानाच मालकाला त्याच्या अॅपमधून ती गाडी काढायला सांगा, समोर बसून. मग स्वतःच्या नावाने नोंदणी करा. गाडी भाड्याच्या धंद्यातून आलेली असेल तर डॅशबोर्डखाली लपवलेला जीपीएस ट्रॅकरही मेकॅनिककडून बघून घ्या. काही ट्रॅकर लांबून इंजिन बंद करू शकतात, आणि तसा एखादा जुन्या मालकाच्या खात्यावर चालू राहिला, तर गाडी अधूनमधून का बंद पडते हे शोधण्यात तुमचे महिने जातील.

शेवटी विमा कंपनीचा एक हट्ट. गाडीच चोरीला गेली, तर दाव्याच्या वेळी ते गाडीच्या सगळ्या किल्ल्या मागतात. नव्या गाडीला दोन मिळतात, म्हणून दोन. तुम्ही एकच दिलीत तर दुसरी कुठे, हा प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर कागदावर नसेल तर दावा रेंगाळतो. सेकंडहँड घेताना किती किल्ल्या मिळाल्या हे विक्रीच्या करारात एका ओळीत लिहून घ्या. एकच मिळाली असेल तर तसं लिहा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. नंतर किल्ली केली, तर बिलावर चेसिस नंबर आणि "जुन्या किल्ल्या रद्द केल्या" हे शब्द मागून घ्या, यंत्रावरच्या आकड्याचा फोटो काढा, पोलिसांच्या कागदाची प्रत त्याला जोडा. आणि हे सगळं गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात ठेवू नका. गाडी गेली तर त्याच्यासकट जाते.